सरळ रेषेत बेचाळीस मिनिटं

दोन विमानतळांमध्ये अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागतो, हे सगळ्या जगाला सांगायचं काम माझ्याकडे आहे. मी स्वतः विमानात एकदाच बसलेय, लग्नानंतर, आणि त्यातला अर्धा वेळ कागदी पिशवीत तोंड घालून होते. पण त्याने काही अडत नाही. आमच्या ऑफिसात मी आणि साहेब सोडून कुणीच विमानात बसलेलं नाही, आणि साहेब बसलेत हेही फक्त साहेबच सांगतात.

ऑफिस म्हणजे गाद्यांच्या दुकानावरची एक लांबट खोली. खालून दिवसभर नव्या फोमचा वास येतो आणि दुपारी डोळे मिटायला लागतात. काम अगदी सोपं. कॉम्प्युटर कुठलेही दोन विमानतळ उचलतो, नकाशावर त्यांच्यामध्ये सरळ रेघ मारतो, विमानाच्या वेगाने भागाकार करतो, चढण्या-उतरण्याची म्हणून वर थोडी मिनिटं टाकतो, की झालं. मग त्या आकड्याभोवती आम्ही तीन-चार परिच्छेद गुंडाळायचे. लोक फोनवर शोधतात, आमचं पान उघडतं, बाजूला गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात हलत राहते, आणि त्यावर साहेबांचं बरं चाललंय.

त्या दोन विमानतळांमध्ये विमान जातं की नाही, हे कॉम्प्युटर विचारत नाही. आम्हीही विचारायचं नसतं. आमच्या यादीत एक विमानतळ असा आहे, की त्याच्या धावपट्टीवर लोक गाडी शिकतात. उद्घाटनाला एक विमान उतरलं, भाषणं झाली, विमान परत गेलं ते गेलंच. पण तिथून जगात कुठेही जायला किती वेळ लागेल, ते आम्ही मिनिटासकट सांगतो.

नवी होते तेव्हा मी एकदा साहेबांना विचारलं होतं, "साहेब, या दोन गावांमध्ये विमानच नाहीये. तसं लिहू का खाली?"

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या लेकीच्या लग्नात शिंकले. "मॅडम, पानावर 'नाही' हा शब्द नको. 'नाही' वाचलं की माणूस पान बंद करतो. आपण विमान सोडतो का? आपण माहिती देतो."

माहिती! मी कानाला खडा लावला आणि त्यानंतर इमानदारीत माहिती देत आले.

तर झालं असं, की माझी आई जिन्यावरून पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण गुडघा चांगलाच सुजला. आई म्हणजे सरकारी दवाखान्यातली निवृत्त सिस्टर. उभा जन्म वॉर्डात गेलाय, त्यामुळे स्वतःचा गुडघा स्वतःच बांधला, स्वतःच स्वतःवर डाफरली आणि पडून राहिली. मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही तिच्या खाली राहणाऱ्या शिवणवाल्या बाईंच्या फोनवरून. मी त्याच शहरात राहते. बसने अर्धा तास. आता अर्धा तास म्हणजे नुसता म्हणायला हं, बस वेळेवर आली तर. शिवाय माझं ऑफिस, घर, नवऱ्याचं पित्त, मुलीची परीक्षा. रविवार एकच मिळतो आणि तो कपडे धुण्यात जातो. ज्यांना हे समजत नाही त्यांनी एकदा माझ्या घरी राहून बघावं.

दादाला कळल्यावर मात्र तो लगेच आला. दादा माझा थोरला भाऊ, डोंगरापलीकडच्या शहरात असतो. पहाटे गाडी काढून निघाला आणि दिवेलागणीला पोचला, तो कंबर धरूनच. घाटात ट्रक उलटला होता म्हणे, मग नदीवरचा पूल एकेरी, मग कुठे तरी डांबरच नाही. तो येतोय म्हटल्यावर मलाही जावंच लागलं होतं. आईच्या पलंगावर तो तिच्याआधी आडवा झाला.

"आता बास झालं," दादा आडव्या-आडव्याच म्हणाला. "आई, तू हे घर सोड आणि माझ्याकडे चल. तळमजल्यावर खोली आहे, जिना नाही, दारात रिक्षा. तुझ्या सुनेने पडदेसुद्धा शिवायला टाकलेत."

वहिनीने पडदे शिवायला टाकले म्हणजे प्रकरण पक्कं होतं. वहिनी बोलत नाही, पडदे टाकते.

आईचं घर म्हणजे दोन खोल्या, दोन्हींच्या खिडक्या रस्त्यावर. मी जन्मले त्याच्या आधीपासून ती तिथे भाड्याने राहते. घरमालकाला ती खोली कधीची परत हवीच आहे. एकदा सोडली की संपलं, पुन्हा तिथे पाय ठेवायला मिळायचा नाही. हे आईला ठाऊक, दादाला ठाऊक, मलाही. मग आईने माझ्याकडे बघून विचारलं, "आणि धाकटी?"

"धाकटीचं काय? येईल की ती भेटायला!" दादा उठून बसला. अंगात एकदम हुशारी आली त्याच्या. खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला. "तुम्हाला वाटतं लांब आहे. अगं, मी गाडीने आलो म्हणून. विमानाने किती वेळ लागतो माहितीये? हे बघ, नेटवर आहे. बेचाळीस मिनिटं! ऐका काय लिहिलंय, 'निळ्या डोंगररांगांवरून अलगद झेपावत अवघ्या बेचाळीस मिनिटांत तुम्ही आपल्या माणसांच्या मिठीत असाल!'"

मी हातातला कप खाली ठेवला.

ते वाक्य माझं होतं. फोमच्या वासात, जेवण झाल्यावर, डोळ्यांवर झोप असताना लिहिलेलं. 'झेपावत' लिहू की 'तरंगत' लिहू, यावर मी चांगला विचारही केला होता. सख्खा भाऊ माझंच वाक्य मलाच पुरावा म्हणून वाचून दाखवत होता, आणि त्याला हे माहीत नव्हतं, कारण मी नक्की काय काम करते हे आमच्या घरात आजवर कुणी विचारलेलंच नाही. 'कॉम्प्युटरवर असते,' एवढंच सगळ्यांना पाठ आहे.

"मग तू का नाही आलास विमानाने?" मी विचारलं.

"आयत्या वेळी तिकीट कुठे मिळतं?" दादा म्हणाला. बरोबरच होतं. त्या विमानाचं तिकीट आयत्या वेळीच काय, कधीच मिळत नाही. कारण ते विमान नाहीच. आमच्या विमानतळावरून जी दोन-तीन विमानं उडतात, ती सगळी राजधानीकडे जातात, दादाच्या शहराच्या बरोबर उलट दिशेला. तिथे अर्धा दिवस बाकड्यावर बसायचं आणि मग दुसरं विमान धरून परत आपल्याच डोक्यावरून पलीकडे जायचं. त्यापेक्षा घाट बरा. तेल लावून मालिश तरी करून घेता येतं नंतर.

"म्हणजे इतकं जवळ आहे?" आईने विचारलं.

"अगदी! इथे येणारी बस पकडेपर्यंत ती तिकडे पोचेल."

आईने गुडघ्यावरची पट्टी नीट केली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू तर यातलीच ना गं? कॉम्प्युटरवरची. खरं असतं का हे?"

आता सांगायला किती वेळ लागला असता? 'दादा, हे मी लिहिलंय आणि हे थोतांड आहे.' संपलं. पण पुढचा प्रश्न मला लख्ख दिसत होता. 'मग आईला तुझ्याकडे ठेवू या, नाही तरी त्याच गावात आहेस.' माझ्याकडे एक जादा खोली आहे, नाही असं नाही. तिच्यात नवऱ्याचं व्यायामाचं यंत्र आहे. त्यावर व्यायाम कुणी केलेला नाही, पण कपडे छान वाळतात. आणि आई घरात आली की आई एकटी येत नाही, वॉर्ड येतो. पाचला उठवणार, चादरीचे कोपरे ताठ करणार, माझ्या स्वयंपाकघरात बोट फिरवून बोटाकडे बघणार. मी मूग गिळले.

"तसंच असतं साधारण," मी म्हणाले.

साधारण! वा गं बाई.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो आडवा पडून टीव्ही बघत होता. म्हणाला, "गप्प बस. दादा नेतोय ना? तो खूश, वहिनी खूश. तू कशाला मध्ये नाक खुपसतेस?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "आणि ती खोली आपल्याला लागते." मी वाळणाऱ्या कपड्यांकडे पाहिलं आणि झोपायला गेले. झोप काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या ते पान उघडलं आणि खाली एक ओळ घातली, 'या दोन शहरांमध्ये सध्या थेट विमान नाही.' बस्स, एवढंच. माझा हिशेब असा, की दादा ते पान पुन्हा उघडेल, स्वतःच वाचेल, आणि मला कुणाला काही सांगायला नको. वाईटपणा कॉम्प्युटरकडे गेला की आपण मोकळे.

जेवणाच्या सुट्टीआधीच साहेब माझ्या टेबलापाशी आले. हसत होते.

"मॅडम, कमाल केलीत! तुमचं हे बेचाळीस मिनिटांचं पान. कोण वाचत होतं आजवर? कुत्रं फिरकत नव्हतं. आणि कालपासून बघा, माणसंच माणसं! काय जादू केली?"

जादू कसली डोंबलाची. दादाने ते पान आत्याला पाठवलं, काकांना पाठवलं, मावशीला पाठवलं, मावशीने तिच्या तिन्ही जावांना पाठवलं. साऱ्या खानदानात शुभवार्ता गेली होती, की आईला थोरला नेतोय आणि धाकटी बेचाळीस मिनिटांवर आहे. आमचं आख्खं गोत साहेबांच्या गुडघ्याच्या तेलाची जाहिरात बघत होतं.

"फक्त ती खालची ओळ मी काढलीये हं," साहेब म्हणाले. "चुकून पडली असेल. आपलं ठरलंय ना, 'नाही' नको."

"साहेब, पण लोक त्यावर विसंबून काही ठरवत असतील तर?"

"विमानाचं अंतर वाचून कोण काय ठरवतंय, मॅडम? लोक टाइमपास करतात." आणि ते निघून गेले. मी पुन्हा ओळ घातली नाही. नोकरी काय झाडाला लागलीये?

पुढे सगळं भराभर ठरलं. दादाने टेम्पो सांगितला, पुढच्या रविवारचा. आईने घरमालकाला कळवलं. घरमालक बिचारा इतका हळहळला, की दुसऱ्याच दिवशी रंगाऱ्याला घेऊन भिंती बघायला आला. आत्याचा मला फोन, "भाग्यवान आहेस हो, माझी लेक दोन रात्रींच्या प्रवासावर दिली." काकांचा फोन, "येता-जाता आम्हालाही घेऊन जा." मी सगळ्यांना हो-हो म्हणत होते. लोकांना किती सहज आनंद होतो, आणि तो करून द्यायला मला काही खर्चही नव्हता.

मग आईचा फोन आला. ती फोन करते तेव्हा आधी स्वतःचं काम सांगते आणि मग ठेवते, मध्ये काही नसतं. त्या दिवशी मात्र रेंगाळली.

"नक्की बेचाळीसच मिनिटं ना गं?"

"हो... म्हणजे, का?"

"काही नाही, विचारलं. जवळच आहे मग." आणि तिने फोन ठेवला.

ही बाई सगळं आयुष्य मागे टाकून निघाली ती माझ्या एका फालतू वाक्याच्या भरवशावर. खिडकीत बसून वाट बघत राहणार. दर महिन्याला लेक येईल, आपल्या माणसांच्या मिठीत का काय ते! आणि मी जाणार कशी? घाटातून? माझी मला चीड आली, दादाची आली, साहेबांची तर इतकी आली, की त्यांच्या पंख्याचं बटण मी जाता-जाता बंद करून आले. ठरवलं, सांगायचं. खोली रिकामी करावी लागली तर लागली. व्यायामाचं यंत्र गेलं खड्ड्यात.

शनिवारी ऑफिस सुटल्यावर आवराआवरीला गेले. घर निम्मं झालं होतं. भिंतीवर कपाटाच्या जागी कपाटाएवढा उजळ रंग राहिला होता. आई खुर्चीत बसून हुकूम सोडत होती आणि शिवणवाल्या बाई वाकून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मला बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. "अगंबाई, आज कशी काय वाट वाकडी केलीस?" म्हणाल्या. मी हसले. तसं हसायची मला सवय आहे. त्या चहा टाकायला म्हणून खाली गेल्या.

मी दार लोटून घेतलं आणि आईसमोर पलंगावर बसले.

"आई, एक सांगायचंय. रागावू नकोस. ते बेचाळीस मिनिटांचं खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

"विमान. तसं विमानच नाही. दादाने वाचलं ना, ते मीच लिहिलंय. ऑफिसात तेच काम आहे माझं. कॉम्प्युटर नुसती रेघ मारतो. खरं म्हणजे दादाकडे जायला आख्खा दिवस लागतो, कसंही गेलं तरी. मला दर महिन्याला यायला जमणार नाही. वर्षातून एकदा जमलं तरी खूप. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं." मी पलंगावरून पुढे सरकले. "तू नको जाऊस. माझ्याकडे चल. मी खोली रिकामी करते. टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगू, अजून वेळ आहे."

आईने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. ताप उतरलाय की चढलाय ते ती असंच बघायची.

"आख्खा दिवस?" ती म्हणाली.

"हो."

"घाटातून?"

"हो गं. सॉरी."

आईने खुर्चीत मागे डोकं टेकवलं आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला, की मला वाटलं आता ही रडणार. पण ती हसत होती. जन्मात पहिल्यांदा मी तिला चार कामं सोडून निवांत हसताना बघितलं.

"सुटले बाई," ती म्हणाली. "मला तेवढंच एक खटकत होतं. बाकी सगळं मनासारखं होतं. दादा म्हणाला बेचाळीस मिनिटं, आणि मला धसकाच बसला. म्हटलं, पुन्हा जवळ?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? इथे तुला अर्धा तास लागतो. या खालच्या बाई दर रविवारी विचारतात, लेक नाही आली? वाईट नाहीत त्या, सहज विचारतात. मग मी सांगते. तुला ताप आहे. जावयाला बरं नाही. ऑफिसात काम निघालं. बस बंद आहेत. एकदा तर तुझी नणंद आजारी पाडली मी, आणि तुला नणंद नाहीये हे त्यांना माहीत होतं." तिने पदराने चष्मा पुसला. "अर्ध्या तासाला किती कारणं पुरवायची गं? संपली माझी. तिकडे गेल्यावर कुणी विचारलं तर एकदाच सांगेन, लांब आहे. पुन्हा कुणी विचारणार नाही. तुझ्या नावालाही कुणी बोट लावणार नाही."

मला रडू आलं, ते मी दाबलंही नाही. आई उठून जवळ येईल असं वाटलं होतं. ती जागची हलली नाही. गुडघा दुखत होता तिचा.

"तू माझ्याकडे चल ना," मी पुन्हा म्हटलं.

"तुझ्याकडे? तिथे तर तू घरातच असणार. मग काय सांगू लोकांना?" ती म्हणाली. तिने हे चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती खरंच विचार करून बोलत होती.

जिन्यावर बाईंच्या चपला वाजल्या. आई पुढे झुकली आणि घाईघाईने, अगदी हळू आवाजात म्हणाली, "एक काम कर. ते तुमचं पान आहे ना, त्यावर खरं काय ते लिही. दिवस लागतो म्हणून. या खालच्या बाईंच्या सुनेच्या हातात सारखा फोन असतो आणि दादाच्या शेजारीपाजारीही वाचतीलच. बेचाळीस मिनिटं कुणाच्या नजरेला पडली, तर मी पुन्हा तिथल्या तिथे."

"साहेब काढून टाकतात, आई. मी लिहून बघितलं."

"मग पुन्हा लिही. त्यांनी काढलं की पुन्हा. त्याला तर तुला कुठे जावं लागत नाही ना?"

बाई चहाचे कप घेऊन आत आल्या आणि माझ्याकडे बघून दारातच थबकल्या. "अगंबाई, रडतेय का ही?"

"जीव आहे हो तिचा माझ्यावर," आई म्हणाली. "उद्यापासून लांब पडणार ना मी."